फोटोशाळांचा तौलनिक तक्ता

४ जानेवारी, रविवार

लेकीचं लग्न ठरलं. ११ एप्रिल, शनिवार. साधंच आहे. हॉल, सह्या, अंगठ्या, जेवण. नंतर पंधरा दिवसांत दोघं जावयाच्या नोकरीच्या देशात. विमानाने नऊ तास. हे ऐकून हिचे डोळे भरून आले. माझे नाही. मला सर्दी आहे.

मेहुणा लगेच पुढे. म्हणे त्याच्या ओळखीचा फोटोग्राफर आहे, आजच सांगून ठेवतो. मी हात वर करून त्याला थांबवलं आणि सर्वांसमक्ष जाहीर केलं की फोटो मुलीचा बाप स्वतः काढणार. खोलीत एकदम शांतता. आदरच असणार.

कॅमेरा घरात आहे. चार वर्षांपूर्वी पूर्ण चौकशी करून घेतला. बॅटरी अजून प्लॅस्टिकमध्ये आहे. फक्त शिकायचं राहिलंय, आणि तेही रीतसर. मोबाइलवर व्हिडिओ बघून फोटोग्राफी शिकणं म्हणजे वॉर्डबॉयला विचारून ऑपरेशन करणं. योग्य शाळा हवी. हातात चौदा आठवडे. दोन निवडायला, बारा शिकायला. वेळच वेळ आहे.

५ जानेवारी, सोमवार. ऑफिस

फाइल उघडली. विषय: 'छायाचित्रण शाळा, निवड'. नवी कोरी फाइल, नवी दोरी. काम निम्मं झाल्यासारखं वाटलं.

सव्वीस वर्षं हॉस्पिटलच्या खरेदी विभागात आहे. कापसापासून लिफ्टपर्यंत सगळं माझ्या टेबलावरून गेलं. किमान तीन कोटेशनं आणि तौलनिक तक्ता, याशिवाय मी टाचणीसुद्धा घेतलेली नाही. लग्नाच्या वेळीही तीन स्थळं पाहिली होती आणि मग हिची निवड केली. ही म्हणते तिनेही तीनच पाहिली होती, त्यातल्या दोघांनी माघार घेतली. प्रत्येकाची पद्धत असते.

७ जानेवारी, बुधवार

आधी गरजा ठरवायच्या. शाळा चांगली की वाईट हा प्रश्नच नसतो. आपल्या गरजेला बसते का, एवढंच बघायचं. दिवसभरात एकोणीस कलमं निघाली. खुर्चीला पाठ हवी. शिक्षकाचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत यावा. प्रमाणपत्रावर शिक्का हवा, नुसती सही चालणार नाही. वगैरे.

लेकीलाही विचारलं, तुझी गरज काय. ती म्हणाली, बाबा, मला एकच फोटो हवा, तुमचा आणि माझा, दोघं बरे दिसतो आहोत असा. तिकडच्या घरात भिंतीवर लावायला. बाकीचे कसेही आले तरी चालतील म्हणे. मी समजावलं की ही गरज नाही, इच्छा आहे. पण पोर नाराज नको व्हायला. शेवटी कलम २० म्हणून घातलं.

१० जानेवारी, शनिवार

शाळा क्रमांक एक. काचेची इमारत, तिसरा मजला, भिंतीवर पुरुषभर उंचीचे फोटो. एकातही कोणी हसत नव्हतं. रिसेप्शनवरच्या मुलीने विचारलं, मुलाची ॲडमिशन की मुलीची. म्हटलं माझी. तिने आतून कोणाला तरी बोलावलं.

संचालक आले. काळा शर्ट, काळी पँट, काळे बूट. म्हणाले फोटोग्राफी म्हणजे बघणं, मला सांगा, या खोलीत तुम्हाला काय दिसतं. मी म्हणालो, आग विझवायच्या सिलिंडरची मुदत ऑक्टोबरमध्ये संपलेली दिसते. त्यांचा चेहरा पडला. माणूस प्रश्न विचारतो आणि उत्तर ऐकायची तयारी नाही.

अभ्यासक्रम एक वर्षाचा, सुरुवात जुलैमध्ये. म्हणजे लग्नानंतर तीन महिन्यांनी. शेरा: डिलिव्हरी उशिरा. तरी फाइलमध्ये ठेवलं. तीनचा आकडा पूर्ण व्हायला हवा.

१७ जानेवारी, शनिवार

शाळा क्रमांक दोन. ऑनलाइन. फुकट नमुना वर्ग होता. इस्त्रीचा शर्ट घालून बसलो. पडद्यावरचा पोरगा सुरुवातीला चाळीस मिनिटं स्वतःचीच ओळख करून देत होता. मी हिला हाक मारून विचारलं, हा तुला भामटा वाटतो का. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, आवाजावरून तर वाटतोय. माझा माइक सुरू होता. तीनशे चाळीस लोकांनी ऐकलं. मला वर्गातून बाहेर काढलं.

शेरा: शिस्त उत्तम.

२५ जानेवारी, रविवार

शाळा क्रमांक तीन. घरापासून दोन गल्ल्या पुढे, सायकल दुरुस्तीच्या दुकानावर एक खोली. बाहेर पाटी नाही. एक मॅडम शिकवतात. तीस वर्षं वर्तमानपत्रात फोटो काढले, आता रिटायर. साठी उलटलेली, आवाज खणखणीत. दर रविवारी सकाळी सात वाजता वर्ग, आठच विद्यार्थी. नवा वर्ग १ फेब्रुवारीला सुरू, दहा रविवार, शेवटचा ५ एप्रिल. मनात हिशोब केला. लग्नाच्या बरोबर सहा दिवस आधी. इतकं चपखल बसलेलं टेंडर मी सव्वीस वर्षांत पाहिलं नाही.

त्यांनी विचारलं कॅमेरा कुठे आहे. म्हटलं घरी, आज फक्त चौकशीला आलोय. म्हणाल्या एक तारखेला घेऊन या, मुलीचं लग्न दहा रविवारांत सहज निभेल. मी कोटेशन लेखी मागितलं. त्या हसायला लागल्या. लिहायचं काय त्यात, या म्हणाल्या.

घरी येऊन सांगितलं. हिचं म्हणणं, मग झालं की, जा. असं कसं जा. तोंडी कोटेशनवर मी कधी फिनाइलची बाटलीही घेतली नाही.

२ फेब्रुवारी, सोमवार

तिन्ही शाळांना रीतसर पत्रं पाठवली. सोबत वीस कलमांची यादी. उत्तर सीलबंद पाकिटात, १६ तारखेला संध्याकाळी पाचच्या आत. टायपिस्ट बाईंनी टाइप करताना विचारलं, हे कोणत्या वॉर्डासाठी. गोपनीय आहे असं बजावलं. चहाच्या वेळेपर्यंत ऑपरेशन थिएटरच्या नर्ससुद्धा मला मॉडेलसारखं उभं राहून दाखवत होत्या.

मॅडमचा पहिला वर्ग काल झाला. एकाने काय फरक पडतो. पहिल्या दिवशी नुसती ओळखपरेड असते.

८ फेब्रुवारी, रविवार

सकाळी सव्वासातला मॅडमचा फोन. आला नाहीत म्हणे, जागा धरून ठेवलीय. मी नम्रपणे सांगितलं की प्रक्रिया चालू असताना एका निविदाधारकाशी असं फोनवर बोलणं योग्य नाही. त्यांनी विचारलं कोण निविदाधारक. मी फोन ठेवला. मोह सगळ्यांनाच होतो. टाळता आला पाहिजे.

१६ फेब्रुवारी, सोमवार. सायंकाळी ५.००

पाकिटं उघडण्याची वेळ. साक्षीदार म्हणून टायपिस्ट बाईंना थांबवलं.

शाळा एक: रंगीत माहितीपत्रक, वर 'प्रिय पालक' असा स्टिकर. शाळा दोन: चौदा ईमेल, प्रत्येकात आजची शेवटची संधी. शाळा तीन: काही नाही.

बाईंनी घड्याळाकडे बघत विचारलं, जाऊ का.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी नऊ वीसला घराच्या दाराखालून चिठ्ठी. मॅडमची. 'रविवारी सात. कॅमेरा आणा. प्रश्न आणू नका.'

उशिरा आली. सीलही नाही. नियमाने बाद. जीव तुटला, पण नियम म्हणजे नियम. ही म्हणाली, अहो, दोन गल्ल्या पलीकडे त्या बाई राहतात, चपला घाला आणि जा. मी म्हणालो, सव्वीस वर्षांत एकदा जरी नियम वाकवला असता तर आज आपला बंगला असता. ही म्हणाली, बंगला नको, पोरीचे फोटो हवेत. बायकांना प्रक्रिया समजत नाही.

वैध पाकीट एकच. तीनपेक्षा कमी, म्हणजे फेरनिविदा. नवी मुदत ९ मार्च.

१ मार्च, रविवार

बॅटरी प्लॅस्टिकमधून काढून चार्जिंगला लावली. मोठं पाऊल. कॅमेऱ्याचं पुस्तक दोनशे चौदा पानांचं. एकतीस वाचून झाली. बॅटरी तोंडात घालू नये, आगीत टाकू नये, पाण्यात बुडवू नये. इथवर सगळं बरोबर चाललंय.

फोटो एकही काढला नाही. मुद्दामच. रीतसर शिक्षणाआधी हाताला वाईट सवयी लागल्या की नंतर जात नाहीत.

८ मार्च, रविवार

लेकीने सहज विचारल्यासारखं विचारलं, मामाच्या ओळखीतली ती मुलगी आहे ना, फोटोवाली, ती नुसती पाहुणी म्हणून लग्नाला आली तर चालेल का. म्हटलं अवश्य येऊ दे, जेवून जाऊ दे. मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं. लग्न जवळ आलं की बायका हळव्या होतात.

१० मार्च, मंगळवार

काल दुसऱ्यांदा पाकिटं उघडली. शाळा एक: तेच माहितीपत्रक. शाळा दोन: शेवटच्या संधीची मुदत वाढवली आहे. शाळा तीन: या खेपेस वेळेत आणि चक्क सीलबंद. उघडलं तर आत माझीच यादी. एकोणीस कलमांवर लाल पेनाने काट. फक्त कलम २० ठेवलेलं, आणि समोर बरोबरची खूण.

निविदेच्या मूळ कागदात खाडाखोड. पुन्हा बाद. ही बाई माझी परीक्षा घेतेय की काय.

तरी तौलनिक तक्ता केला. गुण दिले. मॅडम ९१, काचवाले ६४, भामटा ५८. पेच असा की ९१वाली नियमात बसत नाही आणि नियमात बसणारे कामाचे नाहीत. फाइल साहेबांपुढे ठेवली. साहेबांनी तीन पानं उलटली, चष्मा काढला, माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, काय करायचं ते करा, पण दार लावून घ्या. हीच तत्त्वतः मंजुरी.

१५ मार्च, रविवार

मंजुरीचं पत्र आणि कॅमेरा घेऊन मॅडमकडे. सातवा रविवार चालू होता. त्या म्हणाल्या आता हा वर्ग संपत आला, पुढचा १९ एप्रिलपासून. तरी बसा, आलाच आहात तर. खिडकीशी बसलेल्या एका विद्यार्थिनीकडे बोट दाखवून म्हणाल्या, हिचा फोटो काढा. मी विचारलं, कोणत्या मोडवर. म्हणाल्या, ज्या मोडवर बटण दाबलं जातं त्या. मी म्हटलं, पाया पक्का नसताना मी हात लावणार नाही. त्यावर त्या म्हणाल्या की बरं झालं तुम्ही त्या हॉस्पिटलात सर्जन नाही झालात, पेशंट अजून कोटेशनखालीच पडून असता. सगळा वर्ग हसला. मीही हसलो, नंतर.

१९ एप्रिलच्या वर्गासाठी तात्पुरती नोंदणी केली. लग्न ११ला. अवघ्या आठ दिवसांची तफावत. एवढ्यासाठी अडायचं कशाला. दुपारी जेवताना सहज सुचवलं की लग्नच जूनअखेर घेतलं तर माझा कोर्स पूर्ण होतो.

पुढचं लिहीत नाही. बाहेरच्या खोलीतला सोफा झोपायला तसा बरा आहे.

२९ मार्च, रविवार

विचार केला. शाळा शिकवून शिकवून काय शिकवणार. अडीच महिने मी तीन शाळांचे अभ्यासक्रम ओळ न् ओळ वाचले, तुलना केली, गुण दिले. एवढा अभ्यास त्यांच्या एकाही विद्यार्थ्याने केला नसेल. एका अर्थी मीच परीक्षक. आत्मविश्वास एकदम वाढला.

एकशे बारा फोटोंची यादी तयार केली, क्रमांकासह. कलम २०चा फोटो सगळ्यात शेवटी, निवांत.

११ एप्रिल, शनिवार. सायंकाळी

पार पडलं. दोनशे बारा फोटो. ठरवलेल्यापेक्षा शंभर जास्त.

फार जवळून काढले. लांबून काढायला काय, कोणीही काढतं. दोघं उभी राहिली की मी समोर, हातभर अंतरावर. कॅमेराही गुणी निघाला. बटण दाबलं की पीक पीक असा आवाज करून पोच देतो. सव्वीस वर्षं पोचपावतीवर काढली. तो आवाज ऐकून इतकं समाधान वाटायचं की लगेच कॅमेरा खाली करून पुढच्या क्रमांकाला लागायचो.

मेहुण्याची ती पाहुणी पोरगी आली होती. काटकुळी, गळ्यात कॅमेरा. तिला बाजूला घेऊन प्रेमाने सांगितलं की मुख्य फोटोग्राफरच्या मध्ये मध्ये येऊ नये, मागे उभी राहा, बघ, शीक. गुणाची पोर. दिवसभर माझ्या मागे उभी होती.

सह्यांच्या वेळी मुलीच्या बाजूने साक्षीदार म्हणून मला बोलावलं. माझे दोन्ही हात अडकलेले. मेहुण्याला म्हटलं तू कर. लेक दोनदा म्हणाली, बाबा, इकडे या ना, माझ्या शेजारी. मी म्हणालो, कॅमेऱ्याकडे बघू नकोस, नैसर्गिक राहा. कलम २०ला जरा निवांत वेळ हवा होता, पण तोवर जेवणाची पंगत बसली.

१२ एप्रिल, रविवार

फोटो कॉम्प्युटरवर घेतले.

पहिला: सतरंजी. दुसरा: सतरंजी आणि माझा डावा बूट. तिसरा: छत. चौथा: दोन्ही बूट. असे दोनशे बारा.

पुस्तक काढलं. पान ८७. पीक पीक ही पोच नसून इशारा आहे. बटण दाबल्यावर दहा सेकंदांनी फोटो निघतो, अशी सोय चालू राहिली होती. म्हणजे प्रत्येक वेळी फोटो निघाला तेव्हा मी कॅमेरा खाली करून यादीवर खूण करत होतो.

बूट मात्र अतिशय शार्प आले आहेत. नाडीचा दोरा न् दोरा दिसतो.

१४ एप्रिल, मंगळवार

घरात सांगितलं की तांत्रिक छाननी चालू आहे, घाई करू नये. कोणी घाई केली नाही. कोणी विचारलंही नाही. नवल वाटलं.

१९ एप्रिल, रविवार

वर्गाला गेलो नाही. नोंदणी तात्पुरती होती. कायम झाल्याचं पत्र मॅडमकडून यायला हवं. दिवसभर दाराखाली लक्ष ठेवलं.

२५ एप्रिल, शनिवार. सायंकाळी

लेक आणि जावई आले होते. उद्या सकाळचं विमान. येताना अल्बम घेऊन आले.

कसला अल्बम म्हटलं, तर लग्नाचा. ती काटकुळी पोरगी. ५ जानेवारीला, मी ऑफिसात फाइलला दोरी बांधत होतो त्या दिवशीच, यांनी तिला सांगून टाकलं होतं. एका फोनवर. एकही कोटेशन न घेता. ही, लेक, मेहुणा, जावईसुद्धा, सगळ्यांना ठाऊक. राग आला. मग दोनशे बारा बूट आठवले.

चष्मा लावून पानं उलटली. परीक्षकाच्या नजरेने बोलायचं तर काम चांगलं आहे. उजेड छान, रंग छान. एकच दोष. जवळजवळ प्रत्येक फोटोत कोणीतरी टकलू गृहस्थ मध्येच पाठ करून उभा. अंगठीचा फोटो, निम्म्यात त्याचं टक्कल. लेक हसतेय, तोंड दिसतं आणि हनुवटीच्या जागी त्याचा खांदा. मी स्पष्टच बोललो की असल्या माणसाला कोणीतरी हाताला धरून बाजूला करायला हवं होतं. जावयांना चहाचा ठसका लागला. मी विचारलं, मुलाकडचे का हे. ही म्हणाली, नाही हो. आपल्याकडचे.

पुढचं पान जरा वेळाने उलटलं.

सह्यांचा फोटो. मेहुणा वाकून सही करतोय, लेक मान वळवून कोणाला तरी शोधतेय, आणि मी पाठमोरा, कागदावर खूण करतोय.

शेवटचं पान कोरं. लेक म्हणाली तिनेच ठेवायला सांगितलं होतं, आमच्या दोघांच्या फोटोसाठी. त्या पोरीने दोन दिवस बसून सगळे फोटो चाळले म्हणे. माझा चेहरा दिसतोय असा एकही निघाला नाही. लेक चिडली नव्हती. चिडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, बाबा, आता काढू, उभे राहा. ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली, माझी कॉलर नीट केली. जावयांनी खिशातून फोन काढला.

मी म्हणालो, असा घाईत नको. उजेड खिडकीतून मागून येतोय, चेहरे काळे येतील. नीट काढू. मॅडमचा वर्ग एकदा पूर्ण होऊ दे, पुढच्या खेपेला आलात की मीच काढतो, व्यवस्थित.

लेक माझ्या शेजारून बाजूला झाली. मग बरं म्हणाली. जावयांनी फोन खिशात ठेवला. साडेसहाला निघाले. बॅगा भरायच्या होत्या.

२६ एप्रिल, रविवार

पहाटे विमानतळावर सोडून आलो. दारातून आत जाताना तिने हात हलवला. विमानतळावर नियम कडक, आत जाऊ देत नाहीत.

परत आल्यावर हिने विचारलं, पुढची खेप कधी, काही म्हणाली का. जावयांचा करार तीन वर्षांचा आहे. त्याआधी रजा मिळेल की नाही, माहीत नाही. हिने एवढंच विचारलं की काल दोन मिनिटं उभे राहिला असतात तर काय बिघडलं असतं. फार वाईट वाटतंय.

साडेसात वाजले आहेत. मॅडमचा वर्ग सातला सुरू झाला असेल.